कुलूप काढायला कोणी शिकवले?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा छोटा कारखानदार घ्या. शेडमध्ये चार-दोन यंत्रे, पुढच्या बाजूला लहानशी केबिन आणि तिच्यात एक संगणक. सकाळी त्यावर चाकणच्या मोटार कंपनीचे शेड्यूल पाहायचे, दुपारी ई-वे बिल काढायचे, तारीख जवळ आली की जीएसटीचे विवरणपत्र भरायचे, मध्येच एखादी ई-निविदा आणि महिनाअखेरीस कामगारांचे पगार. गुरुवारी, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, त्याच संगणकावर मुलाचा शाळेचा प्रकल्प. या साऱ्या व्यवहारांना दार एकच आणि त्याचे नाव ब्राउझर.

शेडच्या शटरला दोन कुलपे असतात, रात्री वॉचमन असतो. या दुसऱ्या दाराच्या कड्या-कोयंड्यांची चौकशी मात्र कोणी करत नाही. अनेक वर्षे या पट्ट्यात वावरताना मला हे सतत जाणवत आले आहे. म्हणून आज यंत्रांची नव्हे, त्या दाराची गोष्ट.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा वेबचे पान म्हणजे भिंतीवर डकवलेला कागद होता. वाचा आणि पुढे जा. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा उभा केला आणि कागद हालचाल करू लागला. स्क्रिप्ट म्हणजे पानाबरोबर आपल्या घरी येणारी आणि आपल्याच यंत्रावर चालणारी आज्ञांची यादी. तिला निदान कुंपण असते. एका पानाची स्क्रिप्ट सहसा दुसऱ्या पानात डोकावू शकत नाही. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने आणलेल्या ॲक्टिव्हएक्सला असे कुंपण नव्हते. एकदा 'हो' म्हटले की संगणकावर जे मालकाला करता येते, ते त्यालाही करता येई. आजची एक्स्टेन्शन्स इतकी मोकाट नाहीत. पण 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचू व बदलू द्या' ही परवानगी ज्याला मिळाली, तो घरात ठेवलेला पाहुणाच. आपण बँकेचे पान उघडले की तोही शेजारी बसून ते वाचतो.

आता प्रश्न असा की, 'हो' म्हणायची सवय आपल्याला लागली कशी? केवळ आळसाने लागली, असे मला वाटत नाही. ती आपल्याला रीतसर शिकवली गेली.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला आणि डिजिटल सहीला मान्यता मिळाली. पुढे कंपन्यांची विवरणपत्रे, निविदा, प्राप्तिकर अशी एकेक कामे पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या त्या छोट्या टोकनवर आली. सोय मोठी होती, नाकारण्याचे कारण नाही. पण टोकन आणि वेबपान यांची गाठ घालायला तेव्हा जावा किंवा ॲक्टिव्हएक्सचा आधार घेतला जाई. त्यासाठी सूचनांचा कागद मिळे : अमुकच ब्राउझर वापरा, सुरक्षेची पातळी खाली आणा, पॉप-अपची अडवणूक बंद करा, आमचे संकेतस्थळ 'विश्वासू' यादीत घाला. जानेवारी २०१४ मध्ये जावाने आपले नियम कडक केले, तेव्हा त्यातून सूट मिळवण्याच्या यादीत नाव कसे घालायचे, याचाही कागद निघाला. काम झाल्यावर हे सारे पूर्ववत कसे करायचे, याचा कागद मात्र माझ्या पाहण्यात आला नाही.

निविदेची मुदत दुपारी तीनला संपणार, घड्याळात अडीच वाजलेले. अशा वेळी माणूस कागदावर लिहिले असेल ते करतो. सैल केलेली कडी संध्याकाळी पुन्हा लावायची आठवण कोणाला राहणार? ब्राउझर बनवणाऱ्यांनी ही दारे कालांतराने बुजवली. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावाच्या जोडण्या बंद केल्या; १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला. दार बदलले, पण बोटांना लागलेले वळण राहिले. चौकट आली की 'अलाऊ' दाबायचे आणि पुढे जायचे.

या वळणाची किंमत काय, ते बाहेरच्या दोन उदाहरणांवरून कळते. 'द ग्रेट सस्पेंडर' हे वीस लाखांहून अधिक लोकांनी बसवलेले उपयुक्त एक्स्टेन्शन. २०२० साली मूळ कर्त्याने ते दुसऱ्या कोणाला विकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून काढून टाकले. म्हणजे पाहुणा तोच, पण त्याचा मालक बदलला आणि यजमानाला पत्ता नाही! दुसरे उदाहरण ब्रिटिश एअरवेजचे. २०१८ साली तिच्या संकेतस्थळावर चोरांनी बावीसेक ओळींची स्क्रिप्ट घुसवली आणि प्रवाशांनी भरलेले कार्डाचे तपशील परस्पर लांबवले. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड झाला. तिथे ग्राहकाची काहीच चूक नव्हती, हे ध्यानात घ्यावे.

मग स्क्रिप्ट मुळातच बंद करून टाकाव्यात का? २००५ पासून 'नोस्क्रिप्ट' नावाची जोडणी नेमके हेच करते. तुम्ही नाव घ्याल त्याच संकेतस्थळाला मोकळीक देते. जाणकाराला ती उत्तम. पण आज स्क्रिप्टशिवाय बँकेचे साधे पानही धड उघडत नाही. घरातल्या आजोबांना दर पानाला दहा प्रश्न विचारले, तर ते अकराव्यांदा सगळेच मोकळे करून टाकतील. फार कडक कुलूप लावले की किल्ली पायपुसण्याखाली जाते.

त्यापेक्षा मध्यम मार्ग बरा. संगणकावर दोन ब्राउझर ठेवावेत. एक फक्त बँक, कर आणि निविदांसाठी. त्यात एकही अनावश्यक एक्स्टेन्शन नको. दुसरा बाकी साऱ्या कामांना, मुलांसकट. एक्स्टेन्शन्सची यादी महिन्यातून एकदा, एखाद्या गुरुवारी, उघडून पाहावी. ज्याचे काम आठवत नाही ते काढावे. जे ठेवायचे त्याला 'सर्व संकेतस्थळांवर' ऐवजी 'क्लिक केल्यावर' एवढीच मुभा द्यावी. कोणत्या संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची, कॅमेऱ्याची, पॉप-अपची परवानगी दिली आहे, तेही ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये पाहता येते. ब्राउझर अद्ययावत ठेवावा. आणि काम संपले की टोकन काढून कपाटात ठेवावे. ती तुमची सही आहे, स्टॅपलर नव्हे. एवढे करूनही पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

पण सारा भार त्या केबिनमधल्या माणसावर टाकून बाकीच्यांना मोकळे होता येणार नाही. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस जपानमधल्या कोजिमा या प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या पुरवठादारावर सायबर हल्ला झाला आणि १ मार्चला टोयोटाला तिथले आपले चौदाही कारखाने दिवसभर बंद ठेवावे लागले. चोर तिथे ब्राउझरमधून शिरले नव्हते, पण धडा आपल्यालाही लागू आहे. चाकणच्या असेंब्ली लाइनचा एक धागा भोसरीच्या त्या लहानशा केबिनमधून जातो. मोठी कंपनी पुरवठादाराच्या मालाची मायक्रॉनपर्यंत तपासणी करते. तिने आपल्या पोर्टलसाठी त्याला काय सैल करायला लावले आहे, हेही एकदा तपासावे.

सरकारी कार्यालयांकडूनही एवढीच अपेक्षा आहे. नागरिकाला सुरक्षा उतरवायला लावणारी सूचना देऊ नये. द्यावीच लागली, तर का, किती काळासाठी आणि पूर्ववत कसे करायचे, हे त्याच कागदावर मराठीत छापावे. उद्योजकांच्या संघटनांनी असे कागद गोळा करून संबंधितांपुढे ठेवले, तर या पट्ट्यातल्या हजारो शेडचे ते मोठे काम होईल. तोवर येत्या गुरुवारी आपापली यादी तरी उघडून पाहावी.