खरा मित्र म्हणजे काय रे भाऊ?

दिवाळीत बाभुळगावला गेलो होतो. पुण्यात फ्लॅटसाठी पैसे कमी पडत होते, म्हणून वावर विकायचा विचार मित्राला सांगितला. ऑफिसात सगळे "मस्त डील आहे, घेऊन टाक" म्हणाले होते. हा पठ्ठ्या म्हणाला, "बापाले इचारलं का बे? वावर इकून थो पुन्याच्या गॅलरीत बसून काय करन?" जाम राग आला. तीन महिने फोन केला नाही.

मग टिळक-आगरकर आठवले. १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे आधी समाजसुधारणा की स्वराज्य, यावरून बिनसलं. आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ साली 'सुधारक' काढला. एकमेकांवर सडकून टीका केली. तरी १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

माझं मत विचाराल तर, हो ला हो करणारे शंभर भेटतात. आपण रागावू हे माहीत असूनही तोंडावर बोलणारा एखादाच. पण त्याची किंमत कळायला मृत्युलेखापर्यंत वाट कशाला बघायची?

शेवटी बाबांना विचारलं. ते नुसते गप्प बसले. वावर विकलं नाही. काल मित्राला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "कापूस वेचला बे सगळा. तू कवा येतं?"