गाळलेल्या जागा भरा

धनत्रयोदशीला आपण धणे-गुळाचा नैवेद्य दाखवून धन्वंतरीची पूजा करतो. अशा दिवसांत डॉक्टरांविषयी वाकडे बोलू नये, हे मला कळते. आणि मी बोलणारही नाही. मध्यरात्री दारावर थाप पडली तर सदरा चढवून निघणारा डॉक्टर प्रत्येक घराच्या आठवणीत असतो. त्याच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण त्याच्या संघटनेशी आहे, आणि त्यातही संघटनेच्या नियमावलीशी. चकली-करंजीचे ताट पुढे असताना नियमावली हा काही रुचकर विषय नव्हे. परंतु आपल्या घरात दरमहा गोळ्यांची पाकिटे किती यावीत, याचा थोडाबहुत निर्णय त्या नियमावलीत होत असतो. म्हणून, वाचकहो, थोडी कळ सोसा.

हल्ली प्रत्येक अवयवाची एक संघटना आहे. हृदयाची आहे, हाडांची आहे, कान-नाक-घशाची मिळून एक आहे. यांतल्या काही चांगल्या जुन्या आहेत. शल्यविशारदांची अखिल भारतीय संघटना १९३८ ची, फिजिशियन मंडळींची १९४४ ची, बालरोगतज्ज्ञांची १९६३ ची. आपल्या महाराष्ट्रात अशी संस्था काढायची म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंद करायची, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी जायचे, पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत कळवायचे आणि हिशेब तपासून घ्यायचे. म्हणजे कायद्याच्या लेखी हृदयरोगतज्ज्ञांची संघटना आणि आमच्या आळीतले नोंदलेले गणेशमंडळ एकाच पंगतीला बसतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण गणेशमंडळ कोणाच्या रक्तदाबाचा आकडा ठरवीत नाही, एवढा फरक आहे.

आकडा कसा ठरतो ते पाहा. २०१७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगविषयक दोन मोठ्या संघटनांनी इतर काही संघटनांना बरोबर घेऊन जाहीर केले की, रक्तदाब १४०/९० नव्हे, १३०/८० झाला की त्याला विकार म्हणावे. तोवर त्या देशातल्या प्रौढांपैकी सुमारे ३२ टक्के लोक या विकाराचे धनी होते. घोषणेबरोबर ते ४६ टक्के झाले. रात्री निरोगी झोपलेला माणूस सकाळी रोगी होऊन उठला. त्या सर्वांना लगेच गोळ्या घ्या असे कोणी सांगितले नव्हते, आणि शास्त्र बरोबरही असेल; त्याचा वाद माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याने घालू नये. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, ज्या टेबलाभोवती असे आकडे ठरतात, त्या टेबलाखालून कोणाचा हात आत येतो हे पाहण्याचा अधिकार मॅट्रिकवाल्यालाही आहे. गोळी शेवटी त्यालाच घ्यावयाची असते.

दुसरी गोष्ट शिक्षणाची, आणि इथे मात्र मी माझ्या घरच्या मैदानावर आहे. २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांत असे सांगितले आहे की, डॉक्टरने दर पाच वर्षांत निदान ३० तास नवे शिक्षण घ्यावे. हे शिक्षण बहुतेक ठिकाणी तज्ज्ञांच्या संघटनाच आपल्या अधिवेशनांत आणि व्याख्यानांत देतात. म्हणजे डॉक्टर विद्यार्थी, संघटना शाळा. आता या शाळेचा मांडव, जेवण, ध्वनिक्षेपक, कापडी पिशव्या आणि कित्येकदा संध्याकाळचे गाणेसुद्धा कोणाच्या खर्चाने होते? औषधकंपन्यांच्या. उद्या माझ्या शाळेत आरोग्याचा धडा शिकवायला गोळ्या-चॉकलेटचा कारखानदार खडू-फळ्यापासून वक्त्यापर्यंत सगळे पुरवू लागला, तर पालक मला हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत तरी पोचू देतील काय?

तीन वर्षांपूर्वी एका तज्ज्ञ-संघटनेच्या जिल्हा शाखेने स्मरणिकेच्या प्रकाशनाला मला पाहुणा म्हणून बोलावले. कादंबरीकार स्वस्तात मिळतो; शाल-श्रीफळावर भागते. स्मरणिका जाडजूड होती. तीत लेख जेमतेम अकरा, बाकीची पाने जाहिरातींची, आणि अगदी शेवटी संघटनेची नियमावली. छापलेला कागद हाती आला की वाचल्याशिवाय ठेवायचा नाही ही मास्तरांची खोड. मी व्यासपीठावर बसल्या बसल्या ती वाचून काढली. अध्यक्षांच्या गळ्यातल्या पदकाविषयी दीड पान होते: ते कोणत्या प्रसंगी घालावे, कोणी कोणाच्या गळ्यात घालावे, मावळत्या अध्यक्षांनी ते कोणत्या हाताने उतरवावे एवढेच राहिले होते. माजी अध्यक्षांनी कोणत्या क्रमाने बसावे हेही होते, आणि ते तसे बसलेही होते. पैशाविषयी एकच ओळ होती: कार्यकारी मंडळास योग्य वाटतील अशा देणग्या स्वीकारता येतील. योग्य म्हणजे काय, कोणाकडून, कोणत्या अटीवर, सभासदांना कधी कळवून, याविषयी चकार शब्द नाही. समोर सभागृहाबाहेर औषधांचे स्टॉल ओळीने मांडलेले होते. त्या ओळीचा आणि या ओळीचा संबंध लावायला कादंबरीकाराची गरज नव्हती.

आता त्या पाच शब्दांची कथा सांगतो. डॉक्टरांनी औषधकंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार, रोख रक्कम घेऊ नये, असा नियम मेडिकल कौन्सिलने डिसेंबर २००९ मध्ये नीतिनियमांत घातला. त्याचा क्रमांक ६.८. त्याच्या मथळ्यात डॉक्टरांबरोबर डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटनांचाही उल्लेख होता. इंग्रजी मजकुरात त्याला पाच शब्द लागले होते. १ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने ते पाच शब्द गाळण्यात आले. युक्तिवाद असा की, कौन्सिलच्या नोंदवहीत नावे असतात ती डॉक्टरांची, संघटनेची नव्हे; मग संघटनेला शिक्षा कशी करणार? युक्तिवाद कायद्याला धरून असेल. पण नोंदवहीत नाव नाही म्हणून मुलगा शाळेतून पळवून लावायचा, की त्याचे नाव नोंदवायचे? कौन्सिलने पहिला मार्ग पत्करला. परिणाम असा की, एकट्या डॉक्टरने कंपनीकडून घड्याळ घेतले तर तो नियमभंग, आणि पाचशे डॉक्टरांनी मिळून मांडव घेतला तर तो ज्ञानयज्ञ.

पुढेही हेच चालले. कौन्सिल गेली, २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम काढले. औषधकंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या परिषदांत डॉक्टरांनी भाग घेऊ नये, असे त्यांत होते. तीन आठवड्यांनी, २३ ऑगस्टला, ते नियम स्थगित झाले. त्यांत वादाची दुसरीही कलमे होती, विशेषतः औषधाचे मूळ नाव लिहिण्याविषयीची, आणि ओरड मुख्यतः त्यांवर झाली. पण सुपाबरोबर जातेही गेले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या विक्रीपद्धतीविषयी कंपन्यांसाठी आचारसंहिता काढली. तीत संघटनांमार्फत शिक्षणाचे कार्यक्रम करण्यास मुभा आहे, खर्च जाहीर करावा असेही आहे. आणि तक्रार करावयाची ती कंपन्यांच्याच संघाच्या नीतिसमितीकडे! दुधाची राखण मांजरीकडे द्यायची आणि साय मोजायचे कामही तिलाच सांगायचे, त्यातला प्रकार.

दुधावरून आठवले. हे सगळे अशक्य आहे, व्यवहारात चालत नाही, असे जे म्हणतात त्यांनी आईच्या दुधाची गोष्ट ऐकावी. डब्यातल्या दुधाच्या कंपन्या बालरोगतज्ज्ञांच्या अधिवेशनांना सढळ हाताने मदत करीत. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने, नव्वदच्या दशकातच ठराव केला की, हा पैसा आपण घ्यायचा नाही. कायद्याने संघटनेवर सक्ती करण्याआधी त्यांनी स्वतःवर केली. अर्भकांच्या दूधपर्यायांविषयीचा कायदा १९९२ चा. २००३ च्या दुरुस्तीनंतर त्याचे कलम ९ स्वच्छ सांगते की, अशा कंपनीने आरोग्यसेवकाला किंवा आरोग्यसेवकांच्या संघटनेला कसलाही आर्थिक लाभ देऊ नये. परिषद नाही, अभ्यासक्रम नाही, शिष्यवृत्ती नाही. पाहा, इथे संघटना हा शब्द आहे! एकाच देशाच्या एका नियमातून तो शब्द गाळला जातो आणि दुसऱ्या कायद्यात तो ठामपणे उभा आहे. आणि डब्याच्या दुधाचा पैसा नाही म्हणून बालरोगतज्ज्ञांची अधिवेशने बंद पडल्याचे कोणी ऐकले नाही.

उलट जिथे असा नियम नव्हता तिथे काय झाले? अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९७ साली सनबीम या कंपनीच्या घरगुती वस्तूंवर आपले नाव द्यायचे कबूल केले. रक्तदाब मोजायची यंत्रे, थर्मामीटर, शेकायच्या गाद्या. सभासद खवळले, संघटनेने माघार घेतली, कंपनीने दावा लावला आणि १९९८ मध्ये ९९ लाख डॉलर मोजून संघटना सुटली. तरी दहा वर्षांनी आपल्या इंडियन मेडिकल असोसिएशनने फळांच्या रसावर आणि ओटच्या डब्यावर शिफारशीचा शिक्का मारण्याचा करार केलाच, आणि २०१० मध्ये कौन्सिलने त्यावरून पदाधिकाऱ्यांना दोषी धरले. पुढच्यास ठेच लागली तर मागचा शहाणा होतो असे आम्ही वर्गात शिकवतो. समुद्र आडवा आला की ही म्हण लागू पडत नसावी.

अमेरिकेतल्या तज्ज्ञ-संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाने २०१० मध्ये मात्र एक संहिता केली, आणि ती आपल्याला उचलता येण्याजोगी आहे. अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि नियतकालिकाचा संपादक यांनी पदावर असेतो कंपन्यांशी थेट पैशाचा संबंध ठेवू नये. उपचारांची सूत्रे ठरविणाऱ्या समितीत बहुसंख्य माणसे अशा संबंधापासून मुक्त असावीत, आणि समितीचा प्रमुख तर असावाच. कंपन्यांकडून आलेला पैसा लोकांना कळावा. मी यात आणखी दोन गोष्टी घालीन. संघटनेचे नाव किंवा चिन्ह कोणत्याही विकाऊ वस्तूवर छापू नये, मग ती वस्तू अमृत असली तरी. आणि नीतिसमितीत एक माणूस डॉक्टर नसलेला घ्यावा. शिक्षक घ्या, पोस्टमन घ्या, ज्याची आई गेली दहा वर्षे औषधांवर आहे असा कोणीही घ्या.

कोणी म्हणेल, मग वर्गणी वाढेल. वाढू द्या. आम्हा शिक्षकांची अधिवेशने होतात, एस. टी.ने जातो, शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून झोपतो, पिठले-भात खातो आणि भांडायचे तेवढे भांडून परत येतो. हृदयरोगतज्ज्ञांनी सतरंजीवर झोपावे असे माझे म्हणणे नाही. पण पंचतारांकित हॉटेलातच विद्या प्रसन्न होते असाही कुठे दाखला नाही. दुसरे कोणी म्हणेल, एका पेनाने किंवा एका जेवणाने डॉक्टरांची बुद्धी विकत घेता येते असे तुम्ही समजता काय? मी समजत नाही. पण कंपन्या हिशेबाच्या पक्क्या असतात. ज्यातून काही मिळत नाही अशा गोष्टीवर त्या वर्षानुवर्षे पैसा घालतात, असे मानणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे.

हे बाहेरून कोणी करून देणार नाही. सरकारची चाल आपण वर पाहिलीच. करता येईल ते सभासदांनाच. दिवाळी सरली की थंडीबरोबर अधिवेशनांचा हंगाम सुरू होतो. वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर असते. निम्मे सभासद तोवर स्टेशनकडे निघालेले असतात आणि उरलेले डुलक्या घेत असतात. नियमदुरुस्तीचा ठराव तिथेच यावा लागतो आणि त्याची नोटीस आधी द्यावी लागते. किती दिवस आधी, ते प्रत्येक संघटनेच्या नियमावलीत असते, पदकाच्या दीड पानानंतर कुठेतरी. तुमच्या घरी भाऊबिजेला येणाऱ्यांत कोणी तज्ज्ञ डॉक्टर असेल, तर ओवाळणी झाल्यावर त्याला तेवढे पान शोधायला सांगा. आणि परतीचे तिकीट संध्याकाळच्या गाडीचे काढायला.