संघ कोणाचा?

मराठीत ‘संघ’ हा शब्द फुटबॉल खेळणाऱ्या अकरा गड्यांना लागतो, तसाच तो कामगारांच्या संघटनेलाही लागतो. कतारमध्ये मात्र या दोन संघांत कायद्यानेच अंतर पाडले आहे. बाहेरून आलेल्या कामगाराने मैदानावरच्या संघात उतरावे म्हणून तेथे चषक ठेवण्यात आला. दुसऱ्या अर्थाचा संघ स्थापण्याचा हक्क मात्र २००४ च्या कामगार कायद्याने केवळ कतारी नागरिकांपुरता राखून ठेवला. २०१३ साली सुरू झालेली ‘वर्कर्स कप’ ही स्पर्धा या संदर्भात पाहिली पाहिजे. विश्वचषकाच्या तयारीसाठी बांधकामे करणाऱ्या भारत, नेपाळ, केनिया, घाना आदी देशांतील हौशी खेळाडूंनी आपापल्या कंपनीचे नाव छातीवर मिरवीत खेळावयाचे, असे तिचे स्वरूप. ॲडम सोबेल यांनी तिच्यावर काढलेला अनुबोधपट २०१७ साली जगापुढे आला आणि या खेळाडूंचे नाव नसले तरी चेहरे लोकांना दिसले.

त्यांचा आनंद खोटा होता असे म्हणणे उद्दामपणाचे ठरेल. दिवसभर सळया बांधलेल्या तरुणालाही चेंडू दिसला की धावावेसे वाटतेच. आक्षेप आहे तो निराळा. नव्या देशात पाऊल ठेवणाऱ्या या माणसाचा व्हिसा मालकाच्या हाती, खाट मालकाच्या वसाहतीत, जेवण मालकाच्या भोजनगृहात आणि कामावर नेणारी बसही मालकाचीच. उरली होती ती आठवड्याची सुटी. तीही मालकाच्याच नावाची जर्सी घालून काढावयाची झाल्यास त्या देशात त्याचे स्वतःचे असे काय उरते?

परमुलखातील नव्या नोकरीची सुरुवात याहून वेगळ्या रीतीने करता येते, हे आपल्या शेजारच्या गोमंतकीयांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता; म्हणजे मुंबईस येणे हे कायद्याच्या दृष्टीने परदेशगमनच होते. गोव्याचा खलाशी, खानसामा वा वाजंत्री बोरीबंदरास उतरला की धोबीतलाव वा माझगाव येथील आपल्या गावाच्या कुडीत जाई. तेथे अल्प वर्गणीत पेटी ठेवण्यास जागा मिळे, संध्याकाळच्या प्रार्थनेस हजर राहावे लागे, आणि कोणत्या बोटीवर माणसे घेत आहेत ही बातमी आधी तेथेच कळे. ही मंडळी गावाच्या नावाने फुटबॉलही खेळत. १८८३ साली शिवोलीस एका इंग्रज धर्मगुरूने नेलेला हा खेळ एव्हाना त्यांच्या अंगी मुरला होता. कुडीची शिस्त कडक होती आणि गावातील उच्चनीच भेदही तिच्यात शिरलेले होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ती नोकरी देणाऱ्याची नव्हती. बोटीवरून उतरवले गेलेल्या माणसाची खाट तेथून कोणी काढून घेत नसे.

यावर कोणी म्हणेल की, मुंबईच्या फुटबॉलला कंपन्यांनीच आधार दिला. ते खरेच आहे. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स यांच्या संघांमुळे कितीतरी खेळाडूंच्या घरची चूल पेटली. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला ४-२ असा विजय मिळवून देणारा नेव्हिल डिसूझा टाटांच्याच संघाचा. परंतु या खेळाडूला सामन्यानंतर आपल्या वस्तीत परतता येत होते, नोकरी सोडता येत होती आणि हवे तर युनियनचे सभासदही होता येत होते. कंपनीचा संघ हा त्याच्या आयुष्याचा एक कोपरा होता, चारही भिंती नव्हत्या.

ज्या ऑस्ट्रेलियाला त्याने हरवले, तेथील फुटबॉलचा पुढील इतिहास तर मुख्यतः नव्याने आलेल्या कामगारांनीच घडवला. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीक, इटालियन, क्रोएशियन लोकांच्या झुंडी तेथे उतरल्या. सिडनीतील इटालियनांचा मार्कोनी क्लब १९५८ चा, मेलबर्नच्या ग्रीकांचा साउथ मेलबर्न हेलास १९५९ चा. ज्याला इंग्रजीचा गंध नाही असा गवंडी रविवारी तेथे जाई आणि त्याला आपल्या भाषेत खोलीची व कामाची चौकशी करता येई. या क्लबांनी ऑस्ट्रियातून आलेले खेळाडू त्यांच्या मूळ क्लबांना मोबदला न देता खेळवले, म्हणून १९६० मध्ये फिफाने त्या देशालाच निलंबित केले! युरोपातील जुनी वैरेही मैदानावर आली. २०१४ साली नव्या क्लबांना असली वांशिक नावे घेण्यास मनाई झाली. ती २०१९ मध्ये मागे घ्यावी लागली. एवढे सगळे होऊनही त्या देशाने हे क्लब गिळले नाहीत, पचवले.

पगार थकलेला असताना फुटबॉलचे काय घेऊन बसलात, हा प्रश्न रास्त वाटेल. पण पगार थकला हे सांगायचे कोणाला? एकाच कंपनीच्या अकरा जणांवर एकच मुकादम असतो. मलबार, गोवा वा नेपाळचे लोक स्वतः जो संघ जमवतात, त्यात एका कंपनीचा सुतार आणि दुसरीचा ड्रायव्हर शेजारी बसून बूट बांधतात. कोण किती रियाल देतो, कोणत्या दलालाने किती उकळले, पासपोर्ट कोणी अडकवला, याची तुलना तेथे आपसूक होते. कतारने २०२० मध्ये मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलण्याची सोय केली आणि मार्च २०२१ पासून १,००० रियाल किमान वेतन लागू केले. या सुधारणा खऱ्या आहेत. पण दुसरी नोकरी कोठे आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला ती बदलण्याचा हक्क कागदावरच मिळतो.

शिवाय मैदानासाठी आधी सुटी हवी. कायद्याने तेथे शुक्रवार विश्रांतीचा आहे. तरीही महिनोन् महिने सुटी न मिळालेल्या पहारेकऱ्यांच्या हकीकती ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२२ साली प्रसिद्ध केल्या. आपल्या सरकारने परदेशी निघालेल्या कामगारांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवले आहे, अपघाती मृत्यूसाठी दहा लाखांचा विमा ठेवला आहे. जिवंत माणसाच्या सुटीची चौकशी मात्र करारावर सही होताच थांबते. ती दरमहा दूतावासाने करावी. सुटी बुडाल्याची तक्रार वेतन बुडाल्याच्या तक्रारीइतकीच गंभीर मानावी. आणि ज्या शहरांत आपले कामगार हजारोंनी राहतात, तेथे आठवड्यातून एक संध्याकाळ मैदान भाड्याने घेऊन त्यांच्या हवाली करावे. संघ कोणी काढावा, नाव काय ठेवावे यात लक्ष घालू नये. यासाठी नवा कर बसवण्याची गरज नाही. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी अस्तित्वात आहे, आणि तो दूतावासाच्या खिडकीवर पासपोर्टची कामे घेऊन येणाऱ्या याच लोकांकडून आकारलेल्या शुल्कातून भरत असतो.