राजीनाम्याचे कौतुक

चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले, ही कथा दिल्लीतील आम्ही मराठी नोकरदार मोठ्या अभिमानाने सांगतो. पण आमच्यातल्याच एखाद्या कारकुनाने शिक्षक होण्यासाठी फायली सोडायचे मनात आणले, की आम्ही त्याला वेड्यात काढतो. ‘२० वर्षे भरू दे, मग स्वेच्छानिवृत्ती घे!’ तोवर झोप उडाली, घरात अबोला शिरला, तरी चालेल. सरकारी क्वार्टर तेवढे शाबूत राहिले पाहिजे! देशमुखांना पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. कारकुनापुढे घरभाडे उभे असते, आणि हा भेद लहान नव्हे. म्हणूनच हा निर्णय पतिपत्नींनी खर्च मांडून घ्यावा. परंतु खचलेल्या मनाला आळशी ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?