जामीन मंजूर, पण सुटका कुठे?

'न्यायालयाकडून जामीन मंजूर' असे वृत्त वाचले की आरोपी सायंकाळपर्यंत घरी पोहोचला असणार, असे आपण गृहीत धरतो. ज्याच्या पाठीशी निष्णात वकील आणि पैसा आहे, त्याच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु पोट भरण्यासाठी परजिल्ह्यातून आलेल्या मजुराच्या हाती पडलेला तोच आदेश पुष्कळदा कागदाचा तुकडा ठरतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार, जामीन मंजूर होऊनही सुमारे ५,००० कच्चे कैदी तुरुंगातच होते. न्यायालय म्हणते 'जा' आणि तुरुंगाचे दार म्हणते 'थांब'! हा न्याय म्हणायचा की न्यायाची थट्टा?

या विसंगतीचे मूळ जामिनाच्या व्यवहारात आहे. न्यायालयाने १५,००० रुपयांचा जामीन मंजूर केला, म्हणजे तेवढी रक्कम भरून मोकळे व्हायचे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः आरोपीने तारखेला हजर राहण्याचे बंधपत्र लिहून द्यायचे असते आणि त्याच्यासाठी जामीनदाराने हमी घ्यायची असते. आरोपी फरारी झाला तरच बंधपत्र जप्त होऊन रकमेची वसुली होते. मात्र ही हमी स्वीकारली जावी म्हणून सातबारा, ऐपतीचा दाखला, वेतनाची पावती, पत्त्याचा पुरावा अशी कागदपत्रे दाखवावी लागतात. त्यांची पडताळणी होते आणि त्यानंतरच सुटकेचा आदेश तुरुंगाकडे जातो. ज्याचे स्वतःचे घर नाही, ज्याचे नातलग दुसऱ्या राज्यात आहेत, त्याने सातबारावाला जामीनदार आणायचा कोठून? मग न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे धंदेवाईक जामीनदार त्याला गाठतात. म्हणजे खोटी हमी विकत मिळते आणि खरा गरीब आत राहतो.

कायदा याबाबत मुका आहे काय? मुळीच नाही. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात एका गरीब गवंड्याकडून १०,००० रुपयांची हमी मागण्यात आली आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाची हमी नाकारण्यात आली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याची १,००० रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सुटका करविली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७८ सांगते, की जामीनपात्र गुन्ह्यातील निर्धन आरोपीला जामीनदाराविना सोडावे. आठवडाभरात जो जामीन देऊ शकत नाही, तो निर्धनच मानावा. कलम ४८४ नुसार बंधपत्राची रक्कम अवाजवी असता कामा नये. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने तर सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे, असे बजावले आहे. त्याच वर्षीच्या केंद्रीय योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. उणीव कायद्याची नाही, अंमलबजावणीची आहे.

गुन्हेगारांना मोकळे रान द्यायचे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. तो रास्त आहे. दहशतवाद, खून, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत न्यायालयाने कठोर राहिलेच पाहिजे. परंतु येथे प्रश्न जामीन नाकारलेल्यांचा नाही. ज्यांना सोडण्यास हरकत नाही, असे खुद्द न्यायाधीशांनी ठरविले आहे, त्यांचा आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. त्यातील किरकोळ गुन्ह्याचा आरोपी सराईतांच्या संगतीत महिनोन्‌महिने राहिला, तर बाहेर कोण येईल? आणि मधल्या काळात त्याची रोजी बुडते, मुलांची शाळा सुटते, घरावर सावकार बसतो. शिक्षा ठोठावण्यापूर्वीच अख्खे कुटुंब शिक्षा भोगते.

न्यायालयांनी जातमुचलक्याचा मार्ग अधिक मोकळेपणाने अवलंबावा, ही आमची पहिली अपेक्षा. दुसरी अपेक्षा समाजाकडून आहे. 'कोणाला जामीन राहू नये' हा आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचा ठरलेला उपदेश! अपरिचितासाठी सही करू नये, हे योग्यच. पण वर्षानुवर्षे आपल्या शेतात, दुकानात, सोसायटीत राबणाऱ्या प्रामाणिक माणसावर प्रसंग ओढवला, तर आपण त्याच्यामागे उभे राहणार की नाही? हमी नकोशी वाटल्यास ती मागे घेण्यासाठी जामीनदाराला न्यायालयाकडे अर्ज करता येतो, हे किती जणांना ठाऊक आहे? तेवढेही शक्य नसेल, तर त्याच्या घरच्यांना विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत नेणे तरी आपल्या हाती आहे. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

जामीन हा मुळात विश्वासाचा व्यवहार आहे. हा माणूस पळून जाणार नाही, असे समाजाने न्यायालयाला दिलेले ते वचन आहे. ते वचन केवळ सातबाराच्या उताऱ्यावर मोजले जाऊ लागले, तर ज्याच्या नावे जमीन नाही, त्याच्या शब्दाला या देशात किंमत नाही, असा त्याचा अर्थ होतो. तो अर्थ पुसून टाकण्याचे दायित्व न्यायासनाइतकेच आपलेही आहे.