अँटिव्हायरसच्या चुकीची दाद कुठे मागायची?

२१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसचे नेहमीचे अपडेट संगणकांवर उतरले आणि विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरली. संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागले, नेटवर्क तुटले. अमेरिकेत काही रुग्णालयांची आणि पोलिसांची कामेही अडली. दुरुस्तीसाठी तंत्रज्ञांना एकेका यंत्रापाशी जावे लागले.

ती सरळ चूक होती. नकोशा प्रोग्रामांचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तिथे निव्वळ तपासणी पुरत नाही, मत बनवावे लागते. जावासोबत येणारा आस्क टूलबार व्हायरस नव्हता; इन्स्टॉल करताना त्याच्या चौकटीत आधीच टिक केलेली असे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये नकोशा सॉफ्टवेअरमध्ये टाकले, ते योग्यच केले. घाईत दाबलेल्या बटणाला संमती म्हणता येत नाही.

पण एखादा प्रोग्राम नकोसा ठरवण्याचा हा अधिकार मोकाट सुटता कामा नये. मालवेअरबाइट्स या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीने २०१६ मध्ये निकष बदलले आणि प्रतिस्पर्धी एनिग्माची उत्पादने नकोशी ठरवली. एनिग्मा कोर्टात गेली. स्पर्धकाला रोखण्याच्या हेतूने केलेल्या अडवणुकीला खटल्यापासून वाचवणारे कायद्याचे कवच मिळत नाही, असे अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले.

एनिग्माला वकील परवडले. एकट्याने छोटे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ते कुठून परवडणार? नवा, फारसा कुणी न वापरलेला प्रोग्राम केवळ अनोळखी म्हणूनही संशयित ठरतो, आणि लाल इशारा पाहून ग्राहक निघून जातो. कंपन्यांनी ठपक्याचे नेमके कारण सांगावे आणि तक्रारीला ठरावीक मुदतीत उत्तर देण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे.