गिझर बदलताना : स्वतः काय करावे, काय करू नये



आपल्यापैकी अनेकांच्या बालपणीच्या आठवणीत न्हाणीघराच्या कोपऱ्यातील तांब्याचा बंब निश्चित असेल. पहाटे त्यात पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या घालून विस्तव पेटविला जाई आणि पाणी तापेपर्यंत घरातील थोरांचे सामायिक, वाचन किंवा दुकानाचे किर्द-खतावणीचे काम आटोपत असे. बंब रिकामा पेटवू नये, आधी पाणी भरावे मग विस्तव घालावा, हा त्याचा पहिला नियम घरातील लहान मुलालाही ठाऊक होता. कारण पाण्यावाचून तापलेल्या बंबाचे सांधे सुटत.

आज बंबाची जागा गिझरने घेतली आहे. हा शब्द आइसलँडमधील उसळत्या गरम झऱ्याच्या नावावरून आला. लंडनमध्ये बेंजामिन मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसवर तत्काळ पाणी तापविणारे यंत्र तयार केले, तेव्हा त्यास त्यांनी हेच नाव दिले. बंब डोळ्यांसमोर जळत असे, म्हणून त्याचा धाक होता. गिझर पांढऱ्या पत्र्याआड मूकपणे तापतो, म्हणून आपण त्याचे नियम शिकलोच नाही. आजचा विषय निवडण्याचे कारण मात्र घरातील एक अनुभव आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मातोश्री दोन दिवस सांगत होत्या, "अरे, नळाला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते." आम्ही म्हटले, "आई, पाणी थंड असेल, सांध्यांचे दुखणे असेल." तिसऱ्या दिवशी धाकटा मुलगा सहज टेस्टर घेऊन गेला आणि नळाला लावताच टेस्टरचा दिवा लागला. गिझरच्या कॉइलवर क्षार चढून तिचे वरचे आवरण फुटले होते आणि वीज पाण्यात उतरत होती. ती वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावयास हवी होती. परंतु प्लग उघडून पाहिला, तेव्हा हिरवी तार जोडलेलीच नव्हती, ती कापून आत दुमडून ठेवली होती. ज्याने तो गिझर बसविला, त्याला दोष देऊन आता उपयोग नाही. सात वर्षांत आम्ही एकदाही तो प्लग उघडून पाहिला नव्हता, हा दोष आमचा. दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आपण दरवर्षी करून घेतो, कारण त्यावर ग्राहकाचा विश्वास अवलंबून असतो. ज्या यंत्रावर घरातील माणसांचे प्राण अवलंबून आहेत, त्याची पडताळणी मात्र राहून जाते.

आपल्या जिल्ह्यातील पाणी

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आपण बोलण्यात नेहमीच करतो. पाण्याच्या बाबतीतही हा भेद ध्यानात ठेवावा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या बाजूस खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरी-बोअरच्या पाण्यातील मीठ पोलादाला गंज आणते. घाटावरील काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर खाली बसतात आणि कॉइलवर चुन्यासारखा पांढरा थर चढतो. थर चढला की उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल आतल्या आत अधिक तापते आणि एक दिवस फुटते. म्हणून धरणाच्या पाण्यावर दीर्घकाळ टिकणारा गिझर बोअरच्या पाण्यावर लवकर निकामी होतो.

यावर एक सोपा उपाय गिझरच्या पोटातच असतो. टाकीमध्ये मॅग्नेशियमची एक दांडी बसविलेली असते. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी झिजते, त्यामुळे दांडी शिल्लक असेपर्यंत टाकीस गंज सहसा लागत नाही. सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचविण्यासाठी हेच तत्त्व मांडले होते. स्वतः झिजून दुसऱ्यास वाचविणारी ही दांडी संपली, की टाकीची झीज सुरू होते. खाऱ्या किंवा जड पाण्याच्या घरी ती दरवर्षी काढून पाहावी, अर्ध्याहून अधिक झिजली असल्यास बदलावी. बहुतेक घरांत ती आहे हेच ठाऊक नसते, आणि दांडीच्या किमतीत वाचला असता तो गिझर भंगारात जातो.

कायद्याची मर्यादा

गिझर स्वतः बदलता येतो काय? याचे उत्तर आपल्या वीज नियमांत स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमाने विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याचे बंधन घातले, परंतु दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे बदलण्यास त्यातून सूट दिली. अट एकच, त्या बदलाने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप पालटता कामा नये. २०१० मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांतही हेच तत्त्व कायम राहिले.

व्यवहारात याचा अर्थ असा की, २,००० वॅटचा जुना गिझर काढून त्याच जागी, त्याच प्लगवर २,००० वॅटचा नवा लावणे हे घरचे काम आहे. ३,००० वॅटचा आणावयाचा, जागा बदलावयाची, नवी तार ओढावयाची किंवा नवे सॉकेट बसवावयाचे असेल, तर ते परवानाधारकाचेच काम होय. २,००० वॅटच्या गिझरला सुमारे ९ अँपिअर आणि ३,००० वॅटच्या गिझरला सुमारे १३ अँपिअर वीज लागते. दिव्या-पंख्यांच्या लहान सॉकेटवर यांपैकी कोणताही चालवू नये. त्यास १६ अँपिअरचे मोठे सॉकेट, वेगळी तांब्याची तार आणि स्वतंत्र एमसीबी हवी.

नवा निवडताना

आय. एस. २०८२ या भारतीय मानकाची खूण पाहावी. तारांकनाचे लेबल हे तापलेले पाणी नुसते साठवून ठेवताना किती उष्णता वाया जाते, त्यावर दिलेले असते. म्हणून ज्या घरात गिझर दीर्घकाळ चालू राहतो, तेथे अधिक तारे लाभाचे ठरतात. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापविण्यास अर्धा युनिट वीज लागते आणि २,००० वॅटच्या गिझरला सुमारे १६ मिनिटे पुरतात. हा हिशेब लक्षात ठेवला, तर रात्रभर गिझर चालू ठेवण्याचे कारण उरत नाही.

बदलण्याचा क्रम

१. प्रथम एमसीबी बंद करावी आणि प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. केवळ स्विच बंद करून थांबू नये, कारण स्विच चुकीच्या तारेवर बसविलेला असू शकतो. नंतर गरम नळ सोडून थंड पाणी येईपर्यंत वाहू द्यावे. हे पाणी बादल्यांत धरून कपड्यांस किंवा फरशीस वापरावे.

२. थंड पाण्याचा कॉक बंद करावा. गरम नळ उघडाच ठेवावा, म्हणजे टाकीत हवा शिरेल. मग निळ्या खुणेच्या बाजूची नळी सोडवून आतील पाणी बादलीत उतरवावे. ते बराच वेळ येत राहते, म्हणून घाई करू नये.

३. गिझर खाली उतरविण्यास दोन माणसे हवीत. क्षार साचलेल्या जुन्या टाकीचे वजन अपेक्षेहून अधिक भरते.

४. भिंत तपासावी. २५ लिटरच्या गिझरमध्ये पाण्याचेच वजन २५ किलो असते, यंत्राचे निराळे. नव्या गिझरच्या छिद्रांमधील अंतर जुन्याशी जुळेलच असे नाही. जुन्या सैल छिद्रात लाकडी खुंटी ठोकून काम भागवू नये, नवे छिद्र पाडून लोखंडी फास्टनर बसवावेत. भिंत मातीच्या जोडाईची किंवा चार इंची असेल, तर आधी गवंड्याचा सल्ला घ्यावा.

५. थंड पाण्याच्या तोंडावर सुरक्षा व्हॉल्व्ह त्याच्यावरील बाणाच्या दिशेने बसवावा. पाणी तापले की फुगते आणि वाढलेला दाब हा व्हॉल्व्ह सोडून देतो. तापताना त्यातून थेंब-थेंब पाणी येणे हे स्वाभाविक आहे. तो "गळतो" म्हणून त्याचे छिद्र बंद करणे म्हणजे टाकी फुटण्यास आमंत्रण देणे होय. व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये दुसरा कॉक कधीही लावू नये.

६. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी आटे फिरण्याच्या दिशेने गुंडाळावी. गरम बाजूस साधा पीव्हीसी पाइप वापरू नये, तो उष्णतेने मऊ पडतो. तेथे सीपीव्हीसी किंवा धातूच्या जाळीची नळी घ्यावी.

७. आता बंबाचा जुना नियम आठवावा, आधी पाणी मग विस्तव. कॉक उघडून गरम नळातून हवेचे फुसफुसणे थांबेपर्यंत आणि अखंड धार येईपर्यंत पाणी भरावे. प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवून अर्धा तास थांबावे. कागद कोरडा राहिला, तरच प्लग लावावा.

८. तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवावे. ६० अंशांच्या पुढे क्षार वेगाने बसतात, आणि ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच कातडी भाजते. घरात लहान मुले व वृद्ध असल्यास याचा विशेष विचार करावा.

अर्थिंग ही मुख्य गोष्ट

वरील आठही पायऱ्या बिनचूक पार पडल्या आणि अर्थिंग नसले, तर सारे व्यर्थ आहे. प्लगच्या तीन पिनांपैकी सर्वांत मोठी पिन अर्थिंगची. तिला हिरवी तार घट्ट जोडलेली आहे काय, हे प्लग काढून, उघडून स्वतः पाहावे. परंतु सॉकेटच्या पलीकडील तार जमिनीपर्यंत पोहोचते काय, हे मात्र डोळ्यांनी दिसत नाही. ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे. आपल्याकडील कडक उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालावे.

यासोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घरात बसवून घ्यावी. वीज वाट चुकून शरीरातून किंवा पाण्यातून जाऊ लागली, की ती क्षणार्धात प्रवाह तोडते. साधी एमसीबी हे काम करू शकत नाही, ती केवळ जादा प्रवाहापासून तारेचे रक्षण करते. आरसीसीबीवरील तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबताच ती पडली पाहिजे. महिन्याचा हिशेब बंद करण्याचा दिवस त्यासाठी ठरवून टाकला, तर विसर पडत नाही. आणि ती असली तरी, गिझर तापला की स्विच बंद करूनच स्नानास जावे.

दोन सूचना आणखी

गिझर बंद पडल्यावर चार दिवसांची सोय म्हणून काही जण बादलीतील रॉड किंवा गॅसचा गिझर वापरतात. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून ऊन पाहण्याच्या सवयीने प्राण गेले आहेत. बंद न्हाणीघरातील गॅसच्या गिझरमधून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस आतच बेशुद्ध होतो. असा गिझर नेहमी न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच असावा.

दुसरी सूचना घरातील तपस्वी व व्रतस्थ मंडळींसाठी. गिझरचे पाणी गरम असते, उकळलेले नसते. त्याचा थर्मोस्टॅट उकळी येण्याच्या पुष्कळ आधी वीज तोडतो. शिवाय ते पाणी टाकीतील क्षार आणि झिजलेल्या धातूवरून येते. म्हणून उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांनी, तसेच स्वयंपाकासाठीही, ते वापरू नये. पिण्याचे पाणी गाळून, स्वच्छ भांड्यात, चुलीवरच उकळावे.

आमच्या घरी नवा गिझर मुलाने आणि आम्ही मिळून बसविला. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून मोजून घेतले, तेव्हा कळले की सॉकेटपासून बोर्डापर्यंतची हिरवी तारही तुटलेली होती. प्लगमधील तार तेवढी जोडून आम्ही निर्धास्त झालो असतो, तर धोका जसाच्या तसा राहिला असता. ती तार त्याने नवी ओढून दिली.

काम झाल्यावर मातोश्रींनी नळाला हात लावला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आता काही होत नाही." दोन दिवस त्यांचे बोलणे आम्ही वयावर ढकलले होते, याची खंत अजून आहे. घरातील कोणी, विशेषतः वृद्ध किंवा लहान मूल, नळाला मुंग्या येतात असे म्हणाले, तर त्याच क्षणी मुख्य स्विच बंद करावा. कारण पुढे शोधता येते.